दहाव्या नंबरासाठी

३१ डिसेंबर २०२४, निशिकासाई

या वर्षी दोन जानेवारीला पहाटे वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. जपानात सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेचार झालेले असतात. साताऱ्याला मुलींचा सराव घ्यायला निघायचं म्हणून मी बुटांच्या नाड्या बांधत होते. वहिनींनी फोन टीव्हीसमोर धरला. विद्यापीठांच्या मुलांची, एकाने दुसऱ्याला पट्टा देत धावायची शर्यत चालू होती. "तुझ्या कामाचं आहे, बघ." दुसऱ्या दिवशी त्यांनी परत दाखवलं. त्यातलं एक दृश्य वर्षभर डोळ्यांसमोरून हललं नाही. एका मुलाने खांद्यावरचा पट्टा पुढच्याच्या हातात दिला, धापा टाकत दोन पावलं बाजूला झाला, मागे वळला आणि ज्या रस्त्याने धावत आला होता त्या रस्त्याला कमरेतून वाकून नमस्कार केला. तिथे दुसरं कोणीच नव्हतं. नुसता रस्ता होता.

मुलींना लांब पल्ल्याचं धावणं शिकवायला लागून मला बारा वर्षं झाली. धावून आल्यावर रस्त्याला नमस्कार करायचा, हे मी कोणाला शिकवलं नव्हतं. ते सुचलंच नव्हतं.

आज दुपारी दादाकडे पोचले. दादा माझा मावसभाऊ. तोक्योच्या एदोगावा भागातल्या निशिकासाईत राहतो. इथे भारतीय इतके आहेत की घराखालच्या दुकानात कढीपत्ता मिळतो. वर्षाच्या शेवटच्या रात्री जपानी घरांत सोबा नावाच्या शेवया खायची रीत आहे, ती वहिनींनीही उचलली आहे. वाट्या बाजूला सारून दादाने टेबलावर नकाशा पसरला आणि मला शर्यत समजावून सांगितली.

हिचं नाव हाकोने एकिदेन. दरवर्षी २ आणि ३ जानेवारीला होते. पहिल्या दिवशी तोक्योच्या ओतेमाचीतून निघून हाकोनेच्या डोंगरातल्या आशी सरोवरापर्यंत १०७.५ किलोमीटर, दुसऱ्या दिवशी परत ओतेमाचीपर्यंत १०९.६. एकूण २१७.१ किलोमीटर. संघात दहा मुलं, एका दिवशी पाच. प्रत्येकाच्या वाट्याला २०.८ ते २३.१ किलोमीटर. आपल्याकडे हाफ मॅरेथॉन म्हणतो, जवळपास तेवढं एकेकट्याने पळायचं. हातात बॅटन नसतो. छातीवरून तिरका गेलेला कापडी पट्टा असतो, त्याला तासुकी म्हणतात. विद्यापीठाच्या रंगाचा, त्यावर विद्यापीठाचं नाव. पहिल्याच्या अंगावरचा तोच पट्टा दहाव्यापर्यंत जायचा, दहा जणांच्या घामाने भिजलेला.

संघ वीस, आणि जोडीला न निवडलेल्या विद्यापीठांतली मुलं घेऊन केलेला एक. त्याला क्रमांक देत नाहीत. वीसमधले पहिले दहा पुढच्या वर्षी थेट येतात. अकराव्यापासून खालच्यांना ऑक्टोबरमध्ये ताचिकावाला पात्रता शर्यत द्यावी लागते. तिथे प्रत्येक विद्यापीठाची बारा मुलं हाफ मॅरेथॉन धावतात आणि त्यातल्या दहा जणांच्या वेळांची बेरीज करतात. यंदा तिथून दहावं आणि शेवटचं तिकीट जुन्तेन्दो विद्यापीठाला मिळालं. अकरावं तोक्यो कृषी विद्यापीठ. दोघांत फरक एका सेकंदाचा.

मी दादाला दोनदा विचारलं. दहा मुलांची अकरा तासांची बेरीज, आणि त्यात एक सेकंद?

"एक," दादा म्हणाला. "आणि जुन्तेन्दो काही लहानसहान नाही. अकरा वेळा हाकोने जिंकलेलं विद्यापीठ आहे."

मी डोक्यात हिशेब मांडायला लागले. कृषी विद्यापीठाच्या दहापैकी कोणीतरी एक मुलगा पाण्याचा पेला घेताना जरा रेंगाळला असेल. किंवा वळणावर आतून जाण्याऐवजी बाहेरून गेला असेल. तो मुलगा आता काय करत असेल, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही.

१ जानेवारी

सकाळी टीव्हीवर गुन्मा जिल्ह्यातली कंपन्यांच्या संघांची एकिदेन होती. विद्यापीठातून बाहेर पडलेली चांगली मुलं या कंपन्यांत नोकरीला लागतात आणि धावत राहतात. तीही मोठी शर्यत, पण दादाच्या शेजाऱ्यांनी तिच्याकडे अधूनमधून नुसतं पाहिलं. सगळे उद्याची वाट बघत होते. याचं मला कोडं पडलं. कंपनीतले धावपटू जास्त वेगवान, जास्त अनुभवी. तरी लोकांचा जीव विशी-बाविशीतल्या मुलांमध्ये का? वहिनींचं उत्तर साधं होतं: "ही मुलं चार वर्षांत जातात." चारच जानेवारी मिळतात. पहिल्या वर्षी बहुतेकांची निवड होत नाही. एखादा आजारी पडतो, एखाद्याची पोटरी धरते, आणि बघता बघता चौथं वर्ष येतं.

दुपारी आम्ही उएनोला शिनोबाझू तळ्याकाठी गेलो. तिथे पहिल्या एकिदेनच्या स्मरणाचा दगड आहे. १९१७ साली क्योतोच्या सान्जो पुलापासून या तळ्यापर्यंत पाचशेहून जास्त किलोमीटर, तीन दिवस, रात्रंदिवस माणसं धावली होती. राजधानी तोक्योला आल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून योमिउरी या वर्तमानपत्राने ती शर्यत भरवली. एकिदेन हा शब्द जुन्या डाक व्यवस्थेतला. 'एकि' म्हणजे घोडे बदलायची चौकी, 'देन' म्हणजे पुढे पोचवणं. आपल्याकडे पेशवाईत खलिते घेऊन काशीद धावायचे, त्यांनाही वाटेत चौक्या असायच्या. त्यामुळे या शब्दाचा अर्थ मला चटकन लागला.

तीन वर्षांनी, फेब्रुवारी १९२० मध्ये, हाकोनेची पहिली शर्यत झाली. संघ चारच होते: वासेदा, केइओ, मेइजी आणि जिंकलेलं तोक्यो उच्च शिक्षक विद्यालय. शर्यतीमागे होते शिझो कानाकुरी. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावताना उन्हाने भोवळ येऊन ते कोसळले, एका कुटुंबाने त्यांना सावरलं, आणि कोणाला न सांगता ते मायदेशी परतले. तिथल्या नोंदीत ते हरवलेलेच राहिले. १९६७ साली स्वीडनने त्यांना बोलावून शर्यत पुरी करायला लावली. वेळ लागली ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस आणि वर साडेपाच तास. ही गोष्ट जगभर सांगतात. मला मात्र त्यांचं दुसरं ऑलिंपिक जास्त जवळचं वाटतं.

ऑगस्ट १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये कानाकुरी पुन्हा मॅरेथॉन धावले आणि सोळावे आले. त्याच शर्यतीत एकोणिसावे आले बेळगावचे फडेप्पा चौगुले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. कानाकुरींच्या मागे फक्त दोन मिनिटं. सदाशिव दातारही त्या दिवशी धावले, पण त्यांना शर्यत पुरी करता आली नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारे गडी बघून दोराबजी टाटांनी ही माणसं युरोपला धाडायची खटपट केली होती. म्हणजे आपण आणि ते एकाच रस्त्यावर, दोन मिनिटांच्या अंतराने होतो. कानाकुरींनी एकेकट्या धावपटूऐवजी संघ उभे करण्यात आयुष्य घातलं, कारण एकाच वेळी दहा-दहा मुलं लांब पल्ल्यासाठी तयार झाली तरच त्यातून जगात टिकणारा निघेल, असा त्यांचा हिशेब होता. चौगुल्यांच्या मागे असा पट्टा कोणी तयार केला नाही. तळ्याकाठी उभी असताना मला याचं फार वाईट वाटलं.

२ जानेवारी, ओतेमाची ते हाकोने

पहाटे पाचला निघालो. वहिनींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. ओतेमाचीत योमिउरीच्या इमारतीसमोर सुरुवात होते. तिथवर पोचणं अशक्य होतं, आम्ही थोडं पुढे फुटपाथवर जागा धरली. कागदी झेंडे वाटत होते. माझ्या पुढे सत्तरीच्या एक बाई घडीच्या स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर रेडिओ. पावणेसातनंतर त्यांनी रेडिओ कानाला लावला आणि हातातल्या यादीवर पेन्सिलीने खुणा करायला लागल्या.

या याद्यांचं एक वेगळंच नाट्य असतं. संघ सोळा नावं देतो. २९ डिसेंबरला कोण कोणत्या टप्प्यावर ते जाहीर होतं. पण शर्यतीच्या दिवशी सकाळपर्यंत राखीव मुलांमधून बदल करता येतात. प्रशिक्षक आपले हुकमी मोहरे मुद्दाम राखीवमध्ये ठेवतात आणि सकाळी बाहेर काढतात. कधी उलटंही होतं. यंदा तोयो विद्यापीठाच्या दोन नामी धावपटूंना दुखापतीमुळे त्याच सकाळी वगळावं लागलं. बाईंनी ती नावं खोडली आणि बराच वेळ यादीकडे बघत राहिल्या.

आठला बार झाला. मिनिटभरात मुलं आमच्यासमोरून गेली. आवाज येतो तो फक्त बुटांच्या तळव्यांचा, पाऊस पत्र्यावर पडावा तसा. मी बोटावर मोजायला सुरुवात करेपर्यंत पाठी दिसायला लागल्या होत्या. संपूर्ण २१७ किलोमीटरचा सरासरी वेग किलोमीटरला तीन मिनिटांच्या आत असतो. माझ्याकडची सगळ्यात वेगवान मुलगी त्या वेगाने जेमतेम एक किलोमीटर टिकेल. हे कागदावर माहीत होतं. डोळ्यांनी बघणं वेगळं.

आम्ही तोक्यो स्टेशन गाठून ओदावाराची गाडी पकडली. डब्यातले अर्धे लोक फोनवर तेच बघत होते. चुओ विद्यापीठाचा शुन्सुके योशीई सुरुवातीलाच सगळ्यांना सोडून एकटा पुढे निघाला होता. असं कोणी करत नाही. पहिल्या टप्प्यात घोळका करून एकमेकांचा अंदाज घेत पळायची चाल आहे. तो शेवटपर्यंत एकटाच राहिला. त्सुरुमीच्या चौकीवर पट्टा दिला तेव्हा मागचे दिसतसुद्धा नव्हते.

दुसरा टप्पा २३.१ किलोमीटरचा आणि सगळ्यात मानाचा. मध्ये गोन्ताझाका नावाची चढण, शेवटच्या तीन किलोमीटरात आणखी एक, तिला 'तोत्सुकाची भिंत' म्हणतात. प्रत्येक विद्यापीठ आपला सर्वांत तगडा मुलगा इथे घालतं. केनियाची मुलं बहुतेक इथेच दिसतात. १९८९ मध्ये यामानाशी गाकुइन विद्यापीठाचे जोसेफ ओत्वोरी धावले तेव्हापासूनची ही वाट. आता नियमाप्रमाणे एका संघात एकच परदेशी धावपटू उतरतो. आज तोक्यो कोकुसाईच्या रिचर्ड एतिरने १ तास ५ मिनिटं ३१ सेकंदांचा नवा विक्रम केला. मला जास्त धक्का दिला तो त्याच्या मागच्या दोघांनी. सोकाचा हिबिकी योशिदा आणि आओयामा गाकुइनचा आसाही कुरोदा यांनीही जुना विक्रम मोडला होता. एका सकाळी तिघांनी. विक्रम मोडूनही दोघांच्या नावावर काही लागलं नाही.

हीच ती धावपटूंची दाट फळी, जी पैशाने उभी राहत नाही. नोव्हेंबरमध्ये आगेओ गावची हाफ मॅरेथॉन होते. हाकोनेत निवड व्हावी म्हणून विद्यापीठांची मुलं तिथे झुंडीने उतरतात, आणि तिथले पहिले दोन जपानी विद्यार्थी न्यूयॉर्क हाफ मॅरेथॉनला बोलावले जातात. आपल्याकडे माणदेशातून एक ललिता बाबर निघते, ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत जाते, आणि तिच्या मागे बघावं तर रस्ता रिकामा. इथे एकाच्या मागे शंभर आहेत. त्यातला एक थांबला की पोकळी पडत नाही.

ओदावाराहून हाकोनेची डोंगरगाडी धरली. ही १९१९ ची लाइन. किलोमीटरला ऐंशी मीटर चढते आणि तीन ठिकाणी गाडी उलट्या दिशेने फिरून वर जाते. खंडाळ्याच्या घाटात पूर्वी असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं. कोवाकिदानीला उतरलो. इथे रूळ रस्ता ओलांडतात, आणि वर्षातून दोन दिवस रेल्वे धावपटूंसाठी थांबते. फाटकाच्या दोन्ही बाजूंना रेल्वेची माणसं उभी होती. कोणीतरी येतंय असं कळलं की गाडी स्टेशनाआधीच रोखून धरायची. इतक्या वक्तशीर देशात गाड्या एका मुलाच्या दोन पावलांसाठी थांबतात. मी ते बघितलं.

पाचवा टप्पा म्हणजे हा डोंगर. ओदावाराच्या सपाटीवरून ८७४ मीटरपर्यंत चढायचं आणि मग सरोवराकडे थोडं उतरायचं. इथे मिनिटं मिळतात, सेकंद नव्हे. म्हणून इथे चमकलेल्यांना लोक 'डोंगराचा देव' म्हणतात. मासातो इमाई, र्युजी काशिवाबारा, दाइची कामिनो या तिघांनाच ते नाव चिकटलं. चुओने पहिल्या टप्प्यापासून चौथ्यापर्यंत आघाडी सोडली नव्हती. ओदावाराला आओयामा गाकुइन दुसरं, पाऊण मिनिटाच्या आसपास मागे.

एक वाजायच्या आधी वळणाच्या खालून टाळ्या चढत आल्या. आधी आवाज, मग पोलिसांच्या मोटरसायकली, मग हिरवा पट्टा. आओयामाचा हिरोकी वाकाबायाशी. त्याने चुओला खालीच गाठून मागे टाकलं होतं. मी यवतेश्वरच्या घाटात वर्षानुवर्षं मुली चढताना बघते. दमलेला धावपटू आधी खांद्यात दिसतो, मग हनुवटीत. याचे खांदे ओतेमाचीत उभा असावा तसे सैल होते. फक्त तोंड उघडं होतं. सरासरी किलोमीटरला ३ मिनिटं २० सेकंद, या चढाला.

त्याच्या मागून एकेक येत गेले. मी जागची हलले नाही. दादा म्हणाला, वर जायचं का? मी नको म्हटलं. कारण मला शेवटचे बघायचे होते. पुढच्याला कॅमेरे असतात, हेलिकॉप्टर असतं. विसावा जो येतो त्याला काय असतं? त्याला रस्त्याकडेची माणसं असतात. पहिल्यासाठी जेवढा आवाज झाला तेवढाच विसाव्यासाठी झाला. एक आजोबा तर फक्त त्याच्यासाठीच ओरडले. संघ त्यांचा नव्हता, हे त्यांच्या हातातल्या दुसऱ्याच रंगाच्या झेंड्यावरून दिसत होतं.

वाकाबायाशीने १ तास ९ मिनिटं ११ सेकंदांत डोंगर संपवला. गेल्या वर्षीचा विक्रम तीन सेकंदांनी मोडला. विद्यापीठ संपलं की धावणं थांबवणार, असं त्याने आधीच सांगितलं होतं. (हे लिहीपर्यंत तो बेप्पू-ओइताची मॅरेथॉन, आयुष्यातली पहिली, २ तास ६ मिनिटं ७ सेकंदांत धावून दुसरा आला आहे. तरी थांबणार.) हे मला पचायला जड गेलं. पण संध्याकाळी ओदावाराच्या छोट्या खोलीत पडल्या पडल्या वाटलं, त्याने आपला पट्टा नेऊन पोचवला आहे. पुढचं त्याचं त्याने ठरवावं.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. या दोन दिवसांच्या रस्त्यावर एकही मुलगी धावत नाही. मुलींच्या विद्यापीठ एकिदेन आहेत. ऑक्टोबरात सेंदाईला, आणि ३० डिसेंबरला फुजी डोंगराच्या पायथ्याशी. दोन्ही चांगल्या चुरशीच्या. पण देश दोन दिवस टीव्हीसमोर बसतो तो या मुलांसाठी. हाकोनेत उतरायचा हक्कही मुख्यतः तोक्योभोवतीच्या कांतो भागातल्या विद्यापीठांचा. शंभराव्या शर्यतीच्या वेळी पात्रता शर्यत सगळ्या देशाला खुली केली, पण आत आली ती कांतोचीच. म्हणून क्युशूपासून होक्काइदोपर्यंतची मुलं अठराव्या वर्षी घर सोडून इकडे येतात. हे सगळं मान्य करूनही माझ्या मुलींना मी हा रस्ता दाखवीन. त्यांना तो त्यांच्यासाठी नाही असं वाटू नये, एवढंच मला सांभाळावं लागेल.

३ जानेवारी, काझामात्सुरी ते ओतेमाची

आठला सरोवरापासून परतीची सुरुवात झाली. पहिल्याच्या मागे जितक्या अंतराने आलात तितक्या अंतराने सुटायचं. दहा मिनिटांहून जास्त मागे असलेले सगळे ८ वाजून १० मिनिटांनी एकत्र. आम्ही काझामात्सुरीला थांबलो होतो. इथे माशांचे लाडू-वड्यांसारखे पदार्थ करणाऱ्या मोठ्या दुकानाशेजारी पट्टा बदलायची जागा आहे.

आओयामाचा अकिमु नोमुरा ५६ मिनिटं ४७ सेकंदांत डोंगर उतरून आला. या टप्प्यावर सत्तावन्न मिनिटांच्या आत आलेला तो पहिलाच. किलोमीटरला २ मिनिटं ४४ सेकंद. उताराचं धावणं चढापेक्षा सोपं वाटतं ज्यांनी केलेलं नाही त्यांना. मांड्या प्रत्येक पावलाला ब्रेक लावतात, तळवे सोलून निघतात, आणि शेवटचे तीन किलोमीटर जवळजवळ सपाट असल्याने तिथे पाय भिंतीवर आदळल्यासारखे होतात. तो पट्टा काढून दोन्ही हातांत ताणून धरत आला. पुढच्याने घेतला, त्याची पाठ थोपटली गेली, आणि तो गेलासुद्धा.

इथे एक बघितलं. पट्टा घेणारा मुलगा रेषेवर उभा राहून आधी हात उंच करून आपल्या माणसाचं नाव ओरडतो. आणि रस्त्यात दहा-पंधरा किलोमीटरवर पाणी द्यायला संघातलीच मुलं असतात, निवड न झालेली. चार वर्षं घाम गाळून दहांत नाव न लागलेला मुलगा आपल्या मित्राबरोबर पन्नासेक मीटर धावतो, बाटली देतो, कानात काहीतरी सांगतो. हाकोनेचा रस्ता त्याच्या वाट्याला येतो तो तेवढाच.

शिन्कान्सेनने तोक्योला परतलो. गाडीत कळलं, सातव्या टप्प्यावर कोमाझावाच्या केइता सातोने विक्रमातून सत्तावन्न सेकंद उतरवले. आओयामा तरीही पुढेच. त्यांचे प्रशिक्षक सुसुमु हारा एका वीज कंपनीत विक्रीचं काम करायचे. २००४ मध्ये इथे आले, २००९ मध्ये तेहतीस वर्षांनी विद्यापीठाला हाकोनेत आणलं, २०१५ मध्ये पहिल्यांदा जिंकलं.

साडेदहाला निहोनबाशीचा पूल ओलांडून पुढच्या वळणावर उभे राहिलो. पाच रांगा माणसं. एक वाजून एकवीस मिनिटांनी आओयामा पोचलं, १० तास ४१ मिनिटं १९ सेकंद. कोमाझावा दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद मागे. शरद ऋतूतल्या दोन्ही मोठ्या एकिदेन जिंकून आलेलं कोकुगाकुइन तिसरं. आओयामाचं हे आठवं विजेतेपद, नवा विक्रम. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग जे झालं त्यासाठी मी हा सगळा प्रवास परत करीन.

आजूबाजूची गर्दी हलली नाही. उलट पुढे सरकली. कालच्यासारख्याच एक बाई रेडिओ कानाला लावून म्हणाल्या, "चौघं आहेत." तोक्यो कोकुसाई, तोयो, तेइक्यो, जुन्तेन्दो. आठवा, नववा, दहावा आणि अकरावा. जागा तीन, मुलं चार. २१७ किलोमीटरमधले दोनशे सोळा संपून चौघं एकाच घोळक्यात आले होते.

मला २०११ ची गोष्ट दादाने सांगितली होती. तेव्हाही तीन जागांसाठी चौघं होते. कोकुगाकुइनचा नात्सुकी तेरादा शेवटच्या दीडशे मीटरवर चुकून कॅमेऱ्याच्या गाडीमागे वळला, भानावर येऊन परत फिरला, सगळ्यांच्या मागून धावत सुटला आणि तीन सेकंदांनी दहावा आला. विद्यापीठाला तोवर पुढच्या वर्षाचा थेट प्रवेश कधी मिळाला नव्हता.

आज चौघं माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले. एकाचेही डोळे दुसऱ्याकडे नव्हते. तोयोचा गडद निळा पट्टा मी ओळखला. २०११ मध्येच ते एकवीस सेकंदांनी विजेतेपद हरले होते, आणि तेव्हापासून त्यांचं ब्रीद आहे, 'तो एक सेकंद खरवडून काढ'. सलग एकोणीस वर्षं ते पहिल्या दहांत आहेत. काल सकाळी दोन मोहरे गमावून आज विसावं वर्ष या एका मुलाच्या पायांवर आलं होतं. मी ओरडले. कोणाचं नाव घेऊन ओरडावं ते कळेना, म्हणून मराठीत नुसतं "पळ, पळ, पळ!"

वळणापलीकडे ते दिसेनासे झाले. गर्दीत क्षणभर आवाज बंद. मग रेडिओवाल्या बाईंनी बोटांनी दाखवलं. तोक्यो कोकुसाई आठवं. एक सेकंदाने तोयो. दोन सेकंदांनी तेइक्यो. आणि त्यानंतर सात सेकंदांनी जुन्तेन्दो, अकरावं.

ऑक्टोबरात जे एका सेकंदाने आत आले होते ते सात सेकंदांनी बाहेर राहिले. पुढच्या ऑक्टोबरात ते परत ताचिकावाला जातील. बाईंनी रेडिओ बंद केला नाही. अजून संघ यायचे होते. काहींचा पट्टा वाटेतच तुटलेला असतो. परतीच्या वाटेवर पहिल्यापेक्षा वीस मिनिटं मागे पडलात तर पुढच्या मुलाला न थांबता सोडून देतात, अंगावर पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा तात्पुरता पट्टा घालून. कधी कधी आपला मुलगा शंभर मीटरवर दिसत असतो, विद्यापीठाचा खरा पट्टा हातात घेऊन येत असतो, आणि याला सुटावं लागतं. मागचा येतो तेव्हा घ्यायला कोणी नसतं. जपानीत म्हणतात, पट्टा तुटला.

शेवटचा संघ जाईपर्यंत आम्ही थांबलो. बाईंनी जाताना त्यांचा कागदी झेंडा मला दिला.

४ जानेवारी, आराकावा

रस्ते उघडले आहेत. सकाळी मी दादाच्या मुलीला घेऊन आराकावा नदीच्या बांधावर गेले. ती दहा वर्षांची, इथेच जन्मलेली. तिच्या शाळेत एकिदेन होते. मी घरून वहिनींची सुती ओढणी आणली होती. तिने ती माझ्याकडून घेतली, एका खांद्यावरून तिरकी टाकली, गाठ मारली, लोंबतं टोक चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये खोचलं.

"आत्या, टोक खोचायचं. नाहीतर वाऱ्याने फडफडतं आणि पाठीवर मारतं."

ती चारशे मीटर पुढच्या पुलापर्यंत जाऊन वळली. परत येताना ओढणी काढून घडी करायला लागली तेव्हा मी रेषेवर उभी राहून हात वर केला आणि तिचं नाव ओरडले. तिने शेवटच्या वीस पावलांत ओढणीची दोन्ही टोकं धरून ती माझ्यासमोर ताणली.

"दोन्ही हातांनी घे," ती धापा टाकत म्हणाली. "आणि लगेच घालू नकोस. आधी पळ, मग घाल."

मी पळत सुटले. पन्नास पावलांवर ओढणी डोक्यातून घातली. ती ओली होती. मागे वळून पाहिलं तर ती कमरेत वाकून उभी होती, तोंड पुलाकडे.